उबदार खोलीतलं द्रावण

निळ्याचं पिवळं व्हायला किती सेकंद लागतात, हे मोजण्यात हिराकावाबाईंची साडेनऊ वर्षं गेली. नळी बर्फात, नळीत आम्लाने पिवळा पडणारा निळा रंग, वरून गॅस मुरवलेलं थंडगार पाणी आणि अंगठा स्टॉपवॉचवर. रक्तातल्या आम्लाचा तोल राखणारं एन्झाइम नळीत असलं की रंग चटकन पालटतो, त्याला कोणी अडवलं की रेंगाळतो. कॅन्सरची गाठ याच एन्झाइमच्या जिवावर तग धरते, म्हणून प्राध्यापक इगाराशींची, म्हणजे सगळ्यांच्या सेन्सेईंची, प्रयोगशाळा त्याला अडवणारं औषध शोधत होती. बाईंचा हात इतका बसलेला की शेजारच्या विभागातले लोकही नळ्या घेऊन त्यांच्याकडे यायचे. शोधनिबंधावर मात्र त्यांचं नाव कधी आलं नाही. शेवटी ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’, बस्स.

करार वर्षावर्षाचा. दहा वर्षं भरली की माणसाला कायम करावं लागतं, म्हणून विद्यापीठ त्याआधीच नारळ देतं. बाईंचं हे दहावं वर्ष. सेन्सेईंनी शब्द दिला होता, “ते मोठं अनुदान येऊ द्या, हिराकावा-सान. मग तुमच्या कायमच्या जागेसाठी मी डीनशी भांडतो.” बाई चौपन्न वर्षांच्या. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

अनुदान येणार होतं तोगाशींच्या औषधावर. तोगाशी सहायक प्राध्यापक, हुशार, पण थंडीला भारी भित्रे. नळीत रंगाबरोबर घालायचं द्रावण शीतखोलीत बसून करायचं त्यांच्या जिवावर यायचं. औषधाच्या नळ्यांत रंग दुप्पट वेळ रेंगाळत होता आणि सगळे खूश होते.

नोव्हेंबरात, अनुदानाच्या मुलाखतीला आठ दिवस असताना, बाईंनी तोगाशींच्या बाटलीतलं द्रावण घेऊन औषध न घालताच रंग मोजला. सहजच, जुनी सवय. रंग तेवढाच रेंगाळला. तीनदा मोजलं, तेच. मग उलगडा झाला. हे द्रावण हीटरशेजारी बसून केलेलं होतं. असलं द्रावण बर्फात गेलं की त्याचा पीएच वर सरकतो, म्हणजे आम्लपणा घटतो, आणि रंग उगाचच उशिरा पालटतो. तुलनेच्या, औषध नसलेल्या नळ्यांतलं द्रावण बाईंनी स्वतः शीतखोलीत केलेलं. औषध बिचारं काहीच करत नव्हतं.

दोन दिवस बाई गप्प राहिल्या. आठच दिवस तोंड मिटायचं होतं, त्यात काय मोठंसं! पण उद्या कोणी आजारी माणूस आशेने ही गोळी गिळेल, हे काही त्यांना पचेना. तिसऱ्या दिवशी वही घेऊन त्या सेन्सेईंच्या दारात उभ्या राहिल्या.

“तोगाशी-कुनच्या लक्षात कसं आलं नाही?”

“शीतखोलीत त्यांना सर्दी होते, सेन्सेई.”

सेन्सेईंनी वहीतले आकडे पडताळले. मग उठून कमरेत वाकले. “तुम्ही माझी अब्रू वाचवलीत.”

माणूस खोटा नव्हता, हेच तर वाईट. अर्ज त्यांनी खरंच मागे घेतला. तोगाशींनी भर सभेत वाकून चूक कबूल केली, डोळ्यांत पाणीही आणलं. असा प्रांजळपणा हवा, म्हणून डीनने पाठ थोपटली आणि एप्रिलपासून बढती दिली. चूक शोधली कोणी, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

जानेवारीत सेन्सेईंनी बाईंना बोलावलं. “अनुदानच नाही, तर जागा कशाच्या जोरावर मागू?” आणि पुन्हा वाकले. वाकणं त्यांना फार छान जमायचं.

वर आणखी एक काम उरलं होतं. जाणाऱ्याने आपलं काम मागच्यांना नीट शिकवून जायचं असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तोगाशी दोन स्वेटर चढवून, वही घेऊन शीतखोलीत बाईंशेजारी बसले.

“हिराकावा-सान, तुमच्यासारखा हात आता कुठून आणायचा हो आम्ही?”

“सवयीने होतो.”

“तरी, सगळ्यात महत्त्वाचं काय तेवढं सांगा. लिहून घेतो.”

“द्रावण थंडीतच करायचं.”

तोगाशींनी मान खाली घालून लिहिलं. “आणखी?”

“दुसऱ्याची चूक सापडली, तर सांगण्याआधी आपला करार कधी संपतो ते बघायचं.”

‘दुसऱ्याची चूक’ इथवर येऊन तोगाशींचं पेन थांबलं.

“लिहा की,” बाई म्हणाल्या.