पदरावरची कांद्याची फुलं

दुपारचं जेवण उरकून वत्सला मागावर बसते, तेव्हा तिच्या हातात कात्री असते. येवल्यातल्या त्या गल्लीत घरोघरी मागांची खटखट चालू आहे, तिचा माग तेवढा गप्प. पैठणीच्या पदरावर वीतभर कांद्याची फुलं उमटली आहेत. गर्द हिरव्या देठांवर पांढरे गोंडे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. महिनाभर आपल्याच हौसेनं ती विणत बसली होती.

व्यापारी शांतिलालशेठ काल ती बघून हसले. "वहिनी, पदरावर कांदा कुणी मिरवतं का? मोर काढा. मोर कधी पडून राहत नाही." आज चार वाजता ते उत्तर ऐकायला येणार आहेत. विणलेलं कापायचं आणि मोर काढायचे, असं तिनं ठरवलंय. कात्री उघडता उघडता तिचा डोळा लागतो.

"सरक जरा."

मामंजी! तिचे सासरे, तिला मागावर बसायला शिकवणारे, दोन वर्षांपूर्वी गेलेले. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून ते शेजारी बसतात.

"चहा ठेवू?" दुसरं काही तिला सुचतच नाही.

"राहू दे. हे कुणाचं विणतेस?"

"कुणाचंच नाही. माझंच."

मामंजी पदरावर वाकतात. मागाचा ताणा, उभ्या धाग्यांचा पट्टा, दारातून बाहेर लांबत जातो आणि भिंती नाहीतच. ऐन फुलातलं कांद्याचं शेत आहे, रेशमाच्या ओळींवर मधमाश्या घोंगावताहेत. ती मान वळवते, तर शेताच्या बांधावर दुकानाची कपाटं. घडी घातलेल्या पैठण्यांतून एकेक मोर खाली उतरतो. सगळ्यांच्या माना सारख्या, सगळ्यांचा डौल सारखा.

"हे सगळे माझे," मामंजी म्हणतात. "चाळीस वर्षांचे. यांना नावं ठेवू नकोस, यांनीच घर चालवलं."

"मग मीही मोरच काढते ना."

"काढ की. पण मी माझ्यासाठी एक धागासुद्धा टाकला नाही गं. उद्या काढू, उद्या काढू म्हणत राहिलो. काय काढायचं होतं, तेही आता आठवत नाही."

"लोक हसतात हो."

"हसू देत. असा देठ वाकवणं मला जन्मात जमलं नसतं. तिकडं सगळ्यांना सांगत असतो मी, माझी सून विणते म्हणून." ते डोळे बारीक करतात. "फक्त पांढरं जरा कोरं राहिलंय. या फुलाच्या पोटात पोपटी रेघ असते. नीट बघ."

धागा ठोकून बसवायला ते मागाची फणी ओढतात. एक ठोका. दुसरा.

"वहिनी!" दार वाजतंय. चार वाजलेत.

"मोराचं काम घेते, शेठ," बसल्या जागेवरून वत्सला म्हणते. तिचा आवाज तिलाच नवा वाटतो. "पण हे पुरं झाल्यावर. ही पैठणी विकायची नाही. ही मी नेसणार आहे."

शेठ मान हलवत निघून जातात. वत्सला पदरावर वाकते. मधल्या फुलाच्या पोटात केसाएवढी पोपटी रेघ आहे, घट्ट ठोकून बसवलेली. ती पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघते. पोपटी रेशमाची कांडी तिनं या पदरासाठी भरलेलीच नव्हती.