डावीकडची शेवटून दुसरी दाढ

माझ्या तोंडातली कवळी ताईंनी केलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी जे काही बोलेन ते त्यांच्याच दातांनी बोलतोय, हे तुमच्या लक्षात राहील.

आमचा धंदाच कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा घेऊन आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्यावरून कवळी करून देतो. तीन खोल्या आहेत. पहिलीत प्लास्टर, दुसरीत मेण, तिसरीत पॉलिशचं चाक. मधल्या खोलीत खिडकीजवळ ताई बसतात. ताई माझ्या नात्यातल्या नाहीत, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी त्या पॅकिंगचं काम मागायला आल्या होत्या. नवरा आजारी, मुलगी कडेवर. सहा महिन्यांत नुसतं बघून बघून त्यांनी मेणात दात बसवायला सुरुवात केली. आमचा तेव्हाचा जुना कारागीर म्हणाला, "साहेब, हिला मी काही शिकवलं नाही, माझ्यावर आळ घेऊ नका."

ताई डॉक्टरांकडून पेशंटचा जुना फोटो मागवून घेतात. एका आजोबांच्या पुढच्या दोन दातांत तरुणपणी फट होती, तर ताईंनी कवळीतही केसभर फट ठेवली. आजोबा आरशासमोर रडले म्हणे. डॉक्टरांनी फोन करून मला सांगितलं आणि मी म्हणालो, "अहो, आमच्याकडे असंच काम होतं." आमच्याकडे! मी तेव्हा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो.

आता माझं काम काय, ते ऐका. इतरांच्या खिशाला पेन असतं, तशी माझ्या खिशाला एक बारीक कानस असते. तयार झालेली प्रत्येक कवळी बाहेर पडण्याआधी माझ्या टेबलावर येते. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मी निळा कागद धरतो आणि दात दोनदा आपटतो. जिथे चावा जास्त बसतो तिथे निळा डाग गडद उमटतो. तो डाग मी दिव्याखाली धरतो, भुवया चढवतो, कानशीचा एक हात मारतो आणि म्हणतो, "हं. आता पाठवा."

डाग कायम एकाच ठिकाणी. खालच्या बाजूला, डावीकडची शेवटून दुसरी दाढ. दहा वर्षं! मी मान हलवून म्हणायचो, "ताई, डावीकडे हात जड आहे हो तुमचा." त्या म्हणायच्या, "हो साहेब." आणि मी लोकांना सांगत फिरायचो की बाई गुणी आहे, पण शेवटी नजर लागते ती लागतेच. नजर म्हणजे माझी. घारीची.

एकदा मला आठ दिवस ताप आला. कवळ्या न तपासताच गेल्या. परत आलो तर एकाही डॉक्टरची तक्रार नाही. मी म्हणालो, "नशीब बलवत्तर म्हणून वाचलो."

तर अशा या घारीच्या नजरेसमोरून तीन वर्षांत चार माणसं सोडून गेली. पहिल्याला हाव सुटली होती, दुसऱ्याला बायकोनं फितवलं, तिसरा मुळातच उडाणटप्पू आणि चौथा कृतघ्न. हे सगळं मी जेवताना घरी सांगायचो. बायको माझ्यासाठी सफरचंदाच्या पापडीसारख्या पातळ फोडी करायची, कारण चार वर्षांपासून, म्हणजे कवळी बसवल्यापासून, मला फक्त उजवीकडून चावता येतं. दोष अर्थातच माझ्या हिरड्यांचा. फोडी करता करता ती एकदा म्हणाली, "चौघेही वाईट आणि तुम्ही एकटे चांगले, असं दरवेळी कसं जमतं हो?"

मी दातओठ खाल्ले असते, पण डावीकडून जमत नाही.

मग मी एका भाषणाला गेलो. 'माणसं टिकवा' असा विषय. कोट घातलेला, माझ्या मुलाच्या वयाचा एक गृहस्थ दोन तास बोलला. कामाच्या ठिकाणी आपुलकी हवी, कौतुक हवं, माणसाचं ऐकून घ्यायला हवं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपुलकी सुरू केली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

दाराशी सूचनांची पेटी लावली. महिन्याभरानं उघडली तर आत एकच चिठ्ठी, 'पेटी थोडी खाली लावावी.' ती मीच टाकली होती, सुरुवात व्हावी म्हणून. पॉलिशवाल्याच्या वाढदिवसाला केक आणला. वाढदिवस त्याचा नव्हताच, प्लास्टरवाल्याचा होता. दोघांनी संकोचानं अर्धा अर्धा कापला. कुंडीत एक झाड आणलं, ते पॉलिशच्या धुळीनं पांढरं होऊन गेलं. आणि शेवटी भिंतीवर एक फळा लावला, 'महिन्याचा मानकरी'.

पहिल्या महिन्याला ताईंचा फोटो. तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तसंच माझ्या हाताचं. फोटोखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उत्तम काम. डावीकडे थोडं लक्ष दिलं की शंभर टक्के!'

चार दिवसांनी ताईंनी माझ्या टेबलावर कागद ठेवला. महिनाअखेरीस काम सोडते आहे. नदीपलीकडे नवीन लॅब निघाली होती, तिथं त्यांना बोलावलं होतं.

खोटं कशाला बोलू, ताई गेल्या तर लॅब बंद. डॉक्टर कवळ्या माझ्याकडे पाठवत नव्हते, ताईंकडे पाठवत होते. हे मला कित्येक वर्षं माहीत होतं आणि मी कित्येक वर्षं ते खिशातल्या कानशीखाली दाबून ठेवलं होतं.

"पगाराचं आहे का?"

"नाही साहेब."

"मग कोणी काही बोललं का?"

ताईंनी त्या दिवशी पाठवायची कवळी माझ्यापुढे ठेवली. "ही बघा."

मी सवयीनं निळा कागद घेतला, दात आपटले, दिव्याखाली धरले. डावीकडची शेवटून दुसरी. आता सांगायला लाज वाटते, पण बाई नोकरी सोडून चालली होती आणि मला मात्र आनंद झाला. "बघा! परत डावीकडे!"

त्यांनी आपल्या खणातून दुसरी कवळी काढली. "आता ही."

कागद घातला. आपटले. सगळ्या दाढांवर सारखे, फिकट, तिळाएवढे डाग. मी फिरवून फिरवून पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. कानस हातात तशीच राहिली.

"ही कोणी केली?"

"मीच. कालच केली. दोन्ही."

"मग पहिलीत डाग कसा?"

"पहिलीत तुमच्यासाठी जागा ठेवली आहे साहेब."

मला काही कळेना. बाजूला प्लास्टरवाला आणि पॉलिशवाला भिंतीला टेकून उभे होते. त्यांना सगळं कळत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ताई शांतपणे बोलल्या. पहिल्या वर्षी त्या कवळी बरोबर करायच्या आणि मी तरीही कानस मारायचो. हात मारल्याशिवाय मला राहवायचंच नाही. मग कवळी चावेना, डॉक्टर परत पाठवायचे आणि मी ताईंना बोलायचो. अशा तीन परत आल्यावर ताईंनी एका दाढेवर केसभर जास्त ठेवायला सुरुवात केली. मी ते घासायचो, कवळी बरोबर व्हायची, सगळे खूश. माझ्या तापाच्या आठ दिवसांत त्यांनी जागा ठेवली नव्हती, एवढंच.

"दहा वर्षं रोज एक चूक मुद्दाम करते मी," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण परवा मुलगी मोठ्या हौसेनं माझा फोटो बघायला आली. खालचं वाचलं आणि म्हणाली, आई, तू रोज चुकतेस?"

मी चिडलो. चुकलेल्या माणसाला दुसरं काय येतं? "म्हणजे मी काय मूर्ख आहे का? मालक कोण आहे इथं?" असं बरंच काही. दारापर्यंत गेलो, आणि तिथून, उगाच, शेवटचा शब्द आपला असावा म्हणून म्हणालो, "आणि माझी कवळी? तीही तुम्हीच केलीत ना? चार वर्षं डावीकडून चावता येत नाही मला!"

ताई म्हणाल्या, "तुमच्या कवळीत मी जागा ठेवली नव्हती साहेब. म्हटलं, स्वतःच्या तोंडात घालायची आहे, तिला तरी कानस लावणार नाहीत."

लावली होती. चांगली आठवते. निळा डाग कुठेच गडद नव्हता, तरी लावली होती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, निदान थोडी तरी हळहळेल. ती म्हणाली, "तुम्हाला पाठीमागे सगळे कानस म्हणतात. माहीत नव्हतं तुम्हाला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी चहा केला की पातेल्यात वरून आणखी चमचाभर साखर कोण टाकतं?"

रात्री जेवलो नाही. कोणाच्या दातांनी जेवणार!

सकाळी जाऊन आधी तो फळा उतरवला. प्लास्टरवाल्याच्या आणि पॉलिशवाल्याच्या देखत ताईंना म्हणालो, "चुकलो. तुम्ही नव्हे, मी चुकत होतो. रोज. जाऊ नका असं म्हणायला मला तोंड नाही." मग म्हणालो, "खरं म्हणजे तोंडच नीट नाही. जाण्याआधी मला एक नवी कवळी करून द्याल?"

ताई पहिल्यांदा हसल्या. "देते. शेवटच्या दिवशी. पण ती घालायची आणि तसंच घरी जायचं."

ते पंधरा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मी तर चांगला धडधाकट. कवळ्या टेबलासमोरून सरळ बाहेर जायच्या आणि माझा हात आपोआप खिशाकडे. पहिल्या दिवशी मी कानशीनं स्वतःची नखं घासली. दुसऱ्या दिवशी नखं उरली नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कानस खणात टाकली आणि चक्क पॉलिशच्या खोलीत जाऊन बसलो, करायला काही नव्हतं म्हणून. पॉलिशवाल्यानं हातातली कवळी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "साहेब, हे चाक त्या भिंतीला लावलं तर धूळ खिडकीतून बाहेर जाईल. तीन वर्षं झाली सांगीन म्हणतोय."

"मग पेटीत का नाही टाकलंस?"

"पेटीची किल्ली तुमच्याकडे ना."

चाक हलवलं. चार दिवसांत झाडाची पानं हिरवी दिसायला लागली. एकही कवळी परत आली नाही. ताई मात्र जाण्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या आणि विचारायची माझी छाती नव्हती. मी रोज खण उघडून त्यांचा कागद बघायचो. 'खालील तारखेपासून काम सोडते आहे', त्यांची सही, खाली महिनाअखेरची तारीख. त्यावर कानस पडलेली.

शेवटच्या दिवशी दुपारी ताईंनी कवळी आणून दिली. मी निळा कागद मागितला नाही. तोंडात घातली, दात मिटले. काय सांगू, चार वर्षांनी दोन्हीकडचे दात एकदम एकमेकांना भेटले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. प्लास्टरवाला घाबरून म्हणाला, "टोचते का?" मी मान हलवून नाही म्हणालो. पॉलिशवाल्यानं आपल्या डब्यातलं अख्खं सफरचंद पुढे केलं. मी डावीकडून चावलं. एवढा मोठा आवाज झाला की सगळे हसले, मीसुद्धा, तोंडातल्या घासासकट.

"ताई," मी म्हणालो, "तुमचं मन इथं रमावं असं मी काही केलेलं नाही. तिकडं जाल तर सुखी राहा. पण राहिलात, तर ही खिडकी, हे टेबल, हे काम तुमचं. शेवटची नजर तुमची. माझी नाही."

"तो कागद द्या," ताई म्हणाल्या.

खण उघडला, कानस बाजूला केली, कागद दिला. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी फाडला नाही. टेबलावर नीट पसरला, पेन घेतलं, खालची तारीख तेवढी खोडली आणि कागद घडी करून मला परत दिला.

"तुमच्याकडेच राहू दे साहेब," त्या म्हणाल्या. "लागली तर तारीख टाकीन." आणि खिडकीजवळ जाऊन त्यांनी मेण तापवायला घेतलं.