अण्णांची चौकशी

स्वतःच्या विरोधकांची बाजू अण्णांइतकी जीव ओतून मांडणारा माणूस साऱ्या धारवाडात दुसरा नव्हता. अण्णा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पेशाने वकील. मावशीशी वाद झाला की आधी तिचंच म्हणणं ते इतकं उत्तम मांडायचे, की स्वतःसाठी त्यांच्याजवळ काही उरायचंच नाही. एकदा शेजाऱ्यांच्या म्हशीनं आमची अबोली फस्त केली. जाब विचारायला गेलेले अण्णा, कुंपण आपलंच मोडकं होतं हे कबूल करून, वर तिथला चहा पिऊन परत आले.

असा माणूस आमच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होता, आणि त्याच संस्थेच्या शाळेत मी नुकताच मास्तर झालो होतो. निवडणूक जवळ येताच विरोधी गटाचे पुढारी, एक निवृत्त मामलेदार, यांनी तक्रार केली की हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजाराजवळ शाळेसाठी घेतलेली जागा अण्णांनी आपल्या अशिलाच्या सोयीसाठी निवडली. तिघांची चौकशी समिती नेमली गेली, तिघेही मामलेदारांचेच. अण्णांनी तक्रारीची नक्कल वाचली, तिसऱ्या कलमातली चुकलेली तारीख दुरुस्त केली आणि दप्तराच्या किल्ल्या समितीकडे पाठवून खुर्ची सोडली.

आमची माणसं चिडली. एकानं कुठूनसं मामलेदारांचं खाजगी पत्र मिळवून आणलं. त्यात सरळ लिहिलं होतं, काही निघो न निघो, निवडणुकीपर्यंत चौकशी लांबवा. हे सभेत वाचलं की काम संपलं, असं मीही म्हणालो. अण्णांनी पत्र पाकिटात घालून मामलेदारांच्या घरी परत पाठवलं.

"त्यांचा हेतू वाईट आहे म्हणून त्यांचा प्रश्न वाईट ठरत नाही," ते मला म्हणाले. "विचारू दे की."

चौकशीच्या दिवशी संस्थेचा दिवाणखाना खच्चून भरला होता. चार तास प्रश्न चालले. अण्णांचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी जुन्या ठरावांच्या वहीतच निघालं, की त्या जागेविरुद्ध मत देणारे एकटे अण्णाच होते. मामलेदारांनी कागद गुंडाळले. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

अण्णा उभेच होते.

"एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "नव्या मास्तरांचा अर्ज मुदत संपल्यावर आला होता. तो मी घेतला. ते माझ्या मेहुणीचे चिरंजीव."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मामलेदारच हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, हे कुणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही विचारायला हवं होतं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. अण्णांनी अध्यक्षपद परत घेतलं नाही; मामलेदार दोनदा घरी येऊन आग्रह करून गेले, असं मावशी सांगायची. मला अळणावर गावातल्या शाळेत जागा मिळाली. निघालो त्या दिवशी अण्णा स्टेशनावर आले. अर्ज चांगला होता, एवढंच म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले. गाडी हलली तसा त्यांनी हात वर केला. मी दिसलं नाही असं दाखवून पलीकडच्या खिडकीबाहेर पाहत राहिलो. राग पुढे वर्षभरात ओसरला, पण तो वर केलेला हात मला अजून दिसतो.