एका दुकानातले दोन टीव्ही

बाहेर सगळे त्याला मिस्त्री म्हणत, घरात तो दादा होता. सुतारकाम त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं, की उघडी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. घरात मिक्सरला पेटी होती, इस्त्रीला पेटी होती, चपलांना तर दुमजली पेटी होती. दारावरची घंटासुद्धा त्यानं नक्षीच्या खोक्यात बसवली होती. ती वाजली हे बाहेर उभ्या असलेल्या पाहुण्याला कळायचं, घरातल्यांना नाही.

"उद्या मी जरा आडवी पडले, तर माझंही माप घ्याल," बायको म्हणायची. "वर कडी लावाल आणि पॉलिश माराल."

वडिलांनी ठेवलेल्या घरात वर मिस्त्री राहायचा आणि खाली धाकटा भाऊ. धाकटा बसमध्ये कंडक्टर होता. आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत ओरडून त्याचा गळा तयार झाला होता, आणि माणसं जोडायची त्याला हौस होती. गल्लीत कुणाचंही काही असो, आधी धाकट्याला हाक जायची. लहानपणी नवी पाटी मिस्त्रीला मिळायची, पण ती फोडूनही शाबासकी धाकटाच घ्यायचा. एकाच गोष्टीत मिस्त्री पुढे होता. आई त्याच्याकडे राहायची. तसं कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण वडील गेल्यापासून तिचं अंथरूण वर होतं, आणि मिस्त्रीनं हे मनातल्या मनात स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं.

आईला ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा या मालकीला पहिला धक्का बसला. कानातलं यंत्र तिला टोचायचं. मिस्त्रीनं त्याला सुबक डबी करून दिली होती, आणि यंत्र त्या डबीतच सुखात होतं. त्यातून मिस्त्रीचं बोलणं म्हणजे ओठांत खिळे धरल्यासारखं. बरेचदा ते खरोखरच धरलेले असायचे.

"काय पुटपुटतोस रे?" आई म्हणायची. "धाकट्याचं बघ. जिन्यावरून बोलला तरी शब्द न् शब्द कळतो."

मिस्त्री ओठांतला पुढचा खिळा काढून जरा जास्तच जोरात ठोकायचा.

मग टीव्ही आले. दोघा भावांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच जातीचे दोन पातळ टीव्ही आणले. एकाच टेम्पोतून खोकी आली. धाकट्यानं आपला टीव्ही काढला, भिंतीजवळच्या उघड्या टेबलावर ठेवला, वायर लावली आणि बघायला बसला. मिस्त्रीला हे बघून कसंसंच झालं. एवढी नाजूक वस्तू आणि ती अशी उघडीबोडकी?

त्यानं आपल्या टीव्हीसाठी सागवानी कपाट करायला घेतलं. जोड असे, की नख शिरणार नाही. पुढे दोन दारं, मागे जाड फळी, आणि चरा पडू नये म्हणून आत चारही बाजूंनी जाड मखमल. टीव्ही त्यात असा बसला, जसा दागिना डबीत. बघायला आलेला प्रत्येक जण आधी कपाटावरून हात फिरवायचा. धाकटाही म्हणाला, "दादा, टीव्ही राहू दे, हे कपाटच चालू करून बघत बसावं!"

पण आईला काही केल्या बोलणं कळेना. संध्याकाळच्या मालिकेत सासू काय म्हणाली, सून का रडली, सगळं घोंगडीआडून आल्यासारखं. आवाज वाढवला की घुमायचा, कमी केला की नाहीसा व्हायचा. मिस्त्रीनं रिमोट घेऊन टीव्हीच्या पोटातलं सगळं पालथं घातलं. सिनेमाचा आवाज लावला, संगीताचा लावला, खर्ज कमी केला, वरची पट्टी वाढवली. शेवटी टीव्हीखाली ठेवायची लांब स्पीकरची पट्टी विकत आणली आणि, उघडी कशी ठेवायची म्हणून, कपाटातच खालच्या खणात जाळीमागे बसवली. आता घोंगडीच्या जागी गादी आली, एवढाच फरक.

एके दिवशी आई मालिकेच्या वेळेला उठली आणि भिंतीला हात धरत जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली.

"तिकडे कसं स्वच्छ येतं रे," ती परत आल्यावर म्हणाली. "कुजबुजले तरी कळतं."

मग जेवणही खालीच होऊ लागलं. मग एकदा धाकट्याची बायको सहज म्हणाली, "आई, रोज कशाला चढउतार करता? इथेच टाकू की अंथरूण." आई 'बघू' म्हणाली. मिस्त्रीच्या बायकोनं ते वर येऊन सांगितलं, आणि मिस्त्रीच्या हातातला रंधा थांबला. आईचं 'बघू' म्हणजे काय, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. त्यात अर्धं 'हो' झालेलं असायचं.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला. दोन्ही टीव्ही सारखे, मग त्याचाच का बोलतो? खोकी उतरवली कुणी? धाकट्यानं. आधी हात घातला कुणी? धाकट्यानं. म्हणजे चांगलं ते त्यानं लहानपणच्या शाबासकीसारखंच उचललं असणार.

"अहो, बंद खोक्यातून काय कळतं?" बायको म्हणाली.

"त्याला कळतं. त्याचं नशीबच तसलं आहे."

शेवटी न राहवून तो खाली गेला. धाकटा नुकताच कामावरून येऊन पाय पसरून बसला होता.

"मी म्हणत होतो," मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाला, "टीव्ही बदलून घेऊ या का? तुझा माझ्या कपाटात जरा नीट बसेल."

"दादा, मापात केसाचाही फरक नाही रे."

"मग तुझी हरकत काय?"

"हरकत कसली?" धाकटा हसत उठला. "घे की! वहिनींना म्हणावं दार उघडा, मी आणतो उचलून."

आणि खरंच त्यानं स्वतःचा टीव्ही वर नेला, मिस्त्रीचा खाली आणला, वायरी जोडून दिल्या आणि चहाही न घेता गेला. भांडला असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मिस्त्रीनं मखमलीत बसलेला धाकट्याचा टीव्ही लावला. सासू बोलली. घोंगडीआडूनच बोलली.

तो तसाच चपला न घालता खाली उतरला. दारातून बघतो तर उघड्या टेबलावर त्याचा स्वतःचा टीव्ही खणखणीत बोलत होता, आणि आई मान डोलावत ऐकत होती.

"अरे, आज तर आणखीच स्वच्छ येतंय!" ती म्हणाली.

"दादाचा टीव्ही आहे आई," धाकटा म्हणाला. "चांगला असणारच."

त्यात टोमणा नव्हता. मिस्त्रीनं खूप शोधला, पण नव्हता. तो वर आला आणि कपाटासमोर उकिडवा बसला. टीव्हीच्या पाठीमागून, खालच्या कडेला हात फिरवला. स्पीकरची भोकं तिथे होती, आणि त्यांच्या तोंडावर त्यानं स्वतःच्या हातानं मखमलीची उशी दाबली होती. कपाटात डोकं घालून तो "ऐकू येतंय का?" म्हणाला. त्याचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. आजवर सगळं खापर धाकट्यावर फोडलं होतं. आता ते फोडायला दुसरं डोकं उरलं नव्हतं.

"काढा आणि टेबलावर ठेवा," बायको म्हणाली.

"त्याच्यासारखं?"

"आवाज हवाय की अब्रू?"

सुट्टीच्या सकाळी त्यानं करवत काढली. आधी दारं उतरवली. मग मखमल ओरबाडली. मागची फळी काढताना जोड सुटेनात. इतके पक्के त्यानंच केले होते. शेवटी छत आणि बाजूही गेल्या. स्पीकरची पट्टी जाळीमागून बाहेर येऊन पुढच्या कडेला बसली. दुपारपर्यंत चार पायांवर एक सागवानी फळी तेवढी उरली.

"म्हणजे टेबलच झालं की हो," बायको म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून पदराआड हसली.

संध्याकाळी मालिकेच्या आधी मिस्त्रीनं आईला हाताला धरून समोर बसवलं. टीव्ही लावला. सासू बोलली, सून बोलली, मागे कुणीतरी दार लावलं तेही कळलं. आईचा चेहरा हळूहळू उघडत गेला. ती त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "केलंस रे बाबा! खालच्यापेक्षा सरस आहे हे!"

मिस्त्रीला वाटलं, आता याहून जास्त काही नको. एवढ्यात आई म्हणाली, "जा, धाकट्याला बोलावून आण. त्यालाही ऐकू दे की."

मिस्त्री उठला. जिन्याच्या चार पायऱ्या उतरला. खालचा टीव्ही चालू होता, त्यावर धाकट्याचं खळाळून हसणं ऐकू येत होतं. एक हाक पुरली असती. मिस्त्री तिथेच उभा राहिला, मग वळला आणि परत वर आला.

"काय रे, येतोय का?"

"झोपलाय," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"झोपलाय म्हटलं!"

"अरे, मोठ्यानं बोल जरा!"

"धाकटा झोपलाय!" मिस्त्री ओरडला.

दार उघडंच होतं. आवाज जिन्यातून घरभर गेला. क्षणभरानं खालचं हसणं थांबलं. मग टीव्हीही बंद झाला. झोपलेल्या माणसाच्या घरात व्हावं तसं खाली सगळं शांत झालं.

आईला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. "दमला असेल बिचारा," ती म्हणाली आणि पुन्हा मालिकेत रमली. जरा वेळानं सासूच्या कुठल्याशा वाक्यावर ती खुदकन हसली आणि तिनं मिस्त्रीला कोपरानं ढोसलं.

"ऐकलंस का, काय बोलली ती?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

त्याचे कान अजून जिन्याकडेच होते.