निम्मा गठ्ठा

वागियेम जावा बेटावरच्या जोग्या शहराच्या मोठ्या बाजारात पाठीवर ओझी वाहते, ती सतराव्या वर्षापासून. पट्ट्यापट्ट्यांचं जाड फडकं, त्यात साठ किलोंचा कापडाचा गठ्ठा आणि चढायला तीन मजले. सगळा बाजार तिला 'यू' म्हणतो, म्हणजे थोरली बहीण.

कंबर धरली की चाळीस वर्षं एकच इलाज. वारं शिरलंय म्हणायचं, सोबतच्या ओझेवाल्या सायेमकडून तेल लावून नाण्यानं पाठ खरवडून घ्यायची आणि तसल्या लालभडक पाठीनं पुन्हा गठ्ठ्याखाली शिरायचं. यंदा मात्र कळ घोट्यापर्यंत उतरली, डावा पाय बधिर पडायला लागला. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "आजी, हे वारं न्हवं, वज्जं हाय."

"मग काम सोडू?"

"पडून ऱ्हायलात तर आणखी आखडाल. हिंडाफिरायचं. वज्जं निम्मं करा. कंबरंत वाकू नका, गुडघ्यात बसून उचला, अंगाला चिकटून घ्या. वज्जं घेऊन कंबर पिळू नका. पायातला जोर गेला तर तसंच इकडं या."

दुसऱ्या दिवशी वागियेम कापडवाल्या सुल्यानीबाईंना म्हणाली, "गठ्ठा फोडा. दोन खेपांत नेते."

"फोडला की कापड मळतं. झेपत नसंल तर घरी बस, यू. बाया काय कमी हैत?"

या दुकानाचं तीस वर्षांचं हक्काचं ओझं हातचं चाललं होतं. वागियेम जागची हलली नाही.

"बसते की घरी! ह्या पाठीवरनं तुमचं दुकान तिसऱ्या मजल्यावर चढलंय, तेवढं आधी खाली आणा."

बाईंनी सायेमला हाक मारली. सायेम सकाळपासून 'डॉक्टरणीची चेली आली' म्हणून वागियेमला डिवचत होती. तिनं गठ्ठ्याखाली फडकं सारलं, वाकली आणि तशीच थांबली. कंबरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली.

"बाई, माझ्यातबी वारं शिरलंय. चांगलं साठ किलोंचं."

पायऱ्यांवर बसलेल्या ओझेवाल्या बाया खिदळल्या, पण उठली एकही नाही. वरून गिऱ्हाइकाच्या हाका चालूच. शेवटी बाईंनी दात-ओठ खात स्वतःच गठ्ठ्याच्या दोरीला कात्री घातली.

वागियेम गुडघ्यात बसली, निम्मा गठ्ठा पाठीशी आवळला आणि मांड्यांच्या जोरावर उठली. कळ होतीच, पण पाय जाग्यावर होता.

"दुसरा तू घे," ती सायेमला म्हणाली, "आन् वाकू नगंस, गाढवे."