मावशीचे जाड पॅड

नमूद व्यक्ती: स्त्री, वय एकसष्ट, उंची बेताची. व्यवसाय: फुंकून वाजवायच्या वाद्यांची दुरुस्ती, वर्षे सदतीस. दृष्टी: भिंगासह उत्तम. स्वभाव: मायाळू, कामाच्या वेळेत लागू नाही. हातून झालेल्या चुका: निरंक. हा तपशील व्यक्तीने स्वतःच भरलेला आहे.

तर या मावशींची सख्खी भाची झाकणांची, धातूची बासरी वाजवते. शहरातल्या वाद्यवृंदात जागा निघाली. भाची निवडीच्या पहिल्या फेरीतून कशीबशी पार पडली आणि दुसरीला तीन दिवस उरले असताना बासरी घेऊन मावशींच्या दुकानात येऊन बसली. खालचे सूर धड लागत नव्हते. गुरुजींचं मत, ओठांत दम नाही. आईचं मत, नोकरीच्या परीक्षांचे अर्ज भरायची मुदत अजून गेलेली नाही. वर्षभर हेच चाललं होतं, आणि या वेळी हुकलं तर बासरी पेटीत कायमची ठेवायची, असं भाचीने ठरवूनच टाकलं होतं.

मावशींनी ओठांविषयी चकार शब्द काढला नाही. पातळ कागदाची पट्टी एका झाकणाखाली सरकवली, झाकण अलगद दाबलं, पट्टी ओढली. मागच्या बाजूला ती घट्ट अडकली. पुढून मात्र काम सांगताच जावई सटकावा तशी सटकली. म्हणजे झाकण पुढून उघडंच राहत होतं, वारा गळत होता. झाकणाच्या आतला, भोक बुजवणारा मऊ पॅड जाड होता. सोळाच्या सोळा जाड होते.

ते कुणी बसवले, हे विचारायची सोय नव्हती. घरची पोर म्हणून गेल्या वर्षी मावशींनीच कपाटातले सगळ्यांत भारी, गुबगुबीत पॅड काढून लावले होते. मोजमाप परक्यांच्या बासरीला. घरच्या बासरीला माया पुरते. तेव्हा तपासताना झाकणं दाबली ती पक्कड धरून राकट झालेल्या बोटांनी. त्या बोटांखाली दाराची फटसुद्धा बुजली असती.

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तुझे ओठ ठणठणीत आहेत,” त्या म्हणाल्या. “घाण मी केलीय.”

भाचीने बासरी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी वर्षभर काय वाजवत होते गं?”

“गळकी बासरी. आणि तिच्यावर पहिली फेरी काढलीस. असं करणारं माणूस मी या धंद्यात दुसरं पाहिलं नाही.”

हे त्यांनी इतक्या ताठ मानेने सांगितलं की चूक कुणाची, हे क्षणभर भाचीही विसरली.

मग दोन दिवस दुकानाला आतून कडी. जुने पॅड उपसले, झाकणांच्या वाट्यांची खोली मोजली, तीन जाडींचे पॅड लावून पाहिले आणि सगळ्यांत पातळ निवडले. त्यांच्याखाली केसाएवढ्या कागदाच्या चकत्या घातल्या, इथे पूर्ण, तिथे अर्धीच. पट्टी चारी बाजूंनी सारखी अडकेपर्यंत एकेक झाकण पाच-सहा वेळा खोललं. शेवटची तपासणी डाव्या करंगळीने केली, कारण तिला जोर ठाऊकच नव्हता.

गुरुजी आता सांगतात, ओठ त्यांनीच घडवले. मावशी खोडून काढत नाहीत.

जागा एकच होती. ती भाचीला मिळाली.