मागच्या दारावरचा गेरू

दानियलभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत फळ्यापुढे उभा होतो. केनवडचा बाजार करून परतणाऱ्या ओळखीच्या माणसाने खिडकीतूनच सांगितलं, ‘‘मास्तर, तुमचे सुतार गेले.’’ मुलांना सुट्टी देऊन मी रिकाम्या वर्गात बसून राहिलो. रडू आलं नाही, भीती वाटली... एक गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आता ती माझ्या एकट्याच्या गळ्यात पडली. त्याला सहा आठवडे झाले.

भाऊ गावचा एकमेव सुतार आणि आमच्या मूठभर ख्रिस्ती मंडळीचा वडीलधारा. पाद्रीसाहेब वाशीमहून कधीमधी यायचे. एरवी उपासना भाऊच्या ओसरीत, लाकडाच्या ढलप्यांत, टाळांवर चालायची. गाता गाता भाऊ मधेच थांबायचा आणि डोळे मिटून कितीतरी वेळ गप्प बसायचा. मला मात्र गप्प बसणं कधी जमलंच नाही. पुढची ओळ विसरला समजून मी ती हळूच सुचवायचो आणि तो नुसता हात वर करायचा.

पहिल्या जर्मन लढाईच्या अखेरीस तापाची साथ आली आणि तिरडीला खांदेकरी मिळेनासे झाले. अशा वेळी मरीआईचा छोटा लाकडी गाडा करायचा आणि साथ त्यात बसवून शेजारच्या गावच्या शिवेवर सोडून यायचं, ही आमच्याकडची रीत. गाडा अर्थातच सुताराने करायचा. पाटील स्वतः सांगायला आला. भाऊ हात जोडून म्हणाला, ‘‘पाटील, तुमचं दुसरं कोन्तंबी काम सांगा. पन मरन दुसऱ्याच्या शिवेवर नेऊन टाकाचं काम माह्या हातून होनार नाई.’’

‘‘आता गावात जे मरतीन, त्यायचं पाप तुह्या डोक्यावर, दानियल,’’ एवढं बोलून पाटील गेला. दुसऱ्या दिवसापासून भाऊच्या दारावरून कोणी जाईना.

त्या रविवारी मी घोळ घातला. उपासनेत वाचून दाखवायची पाळी माझी होती. मिसर देशात दारांच्या चौकटींना रक्त लावलेल्या घरांवरून मरण ओलांडून गेलं, ती गोष्ट मी मोठ्या रंगात येऊन वाचली. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या सगळ्या चौकटींवर गेरूचे क्रूस उमटले. पहिला माझ्याच दारावर होता, कारण घरात माझी तीन वर्षांची सुसन तापाने फणफणली होती. भाऊच्या दारावरही कोणी काढून गेलं. त्याने तो ओल्या फडक्याने पुसला आणि तसाच माझ्याकडे आला.

‘‘मास्तर, मी गाडा नाई बनोला, तं तुमीनं गेरूचा बनोला. देव काय दारावरची खून पाहून घरं मोजते काय? आपन निस्ते हाडामासाचे नाई, आत्मा हावोत. त्याच्यापुढं आत्म्यानंच बसा लागते, भेव टाकून.’’

‘‘तुमच्या घरात लेकरू तापलं नाही, भाऊ,’’ मी फटकन म्हणालो. तो ओलं फडकं खांद्यावर टाकून निघून गेला.

दोनच दिवसांत त्याची बायको, रूथवहिनी, अंथरुणाला खिळली. माझी जीभ मला खाऊ लागली. दुपारी भाऊ पाणी आणायला गेल्याचं पाहून मी त्याच्या मागच्या दारावर, कडब्याच्या आड, गेरूने क्रूस काढला.

तिसऱ्या दिवशी वहिनी गेली. सुसन वाचली.

मग जो तो म्हणू लागला, खूण पुसली आणि बायको गमावली. पुढे उपासनेला माणसं वाढली ती गेरूसाठी. नव्या घरात राहायला जाताना गेरू, बाळंतिणीच्या खोलीला गेरू. मागच्या दारावर क्रूस असूनही वहिनी गेली होती; ती खूण मरणाला अडवत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पंचवीस वर्षं मी तोंड शिवून बसलो. सुसनकडे पाहिलं की धीरच होत नसे.

शेवटचा भेटलो तेव्हा भाऊ बाजेवर होता, आवाज पार खोल गेलेला. म्हणाला, ‘‘मांगच्या दारावर तुमीनंच काढला व्हता नं, मास्तर?’’ मी कबूल केलं. ‘‘मले त्याच सांजले दिसला. पन पुसला नाई. तीन दिवस तिच्या उशाशी बसून मी देवाचं नाव घेत व्हतो अन् घडीघडी मांगं जाऊन पाहत व्हतो त्या गेरूकडं... ते काय भजन झालं, मास्तर? ती गेल्यावर मी खरा त्याच्यापुढं बसलो. देवापाशी मागाले कायीच नव्हतं. तवा समजलं, मी कोन हावो ते.’’

‘‘लोकायले सांगजा,’’ तो म्हणाला. मी हो म्हणालो.

हे मी मंडळीपुढे उभं राहून सांगायला हवं होतं. सहा रविवार गेले. आता शेलूबाजारकडे पुन्हा तापाची माणसं निघू लागली आहेत, म्हणून निदान लिहायला तरी बसलो. सुसन बाळंतपणाला माहेरी आली आहे. काल तिच्या तान्ह्या लेकराचं अंग गरम लागलं. आज सकाळी दार उघडलं, तर चौकटीवर ओला गेरू होता. ओलं फडकं हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे... शेवटी गेरूला न लावताच फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं.